सहावा माणूस

बावीस वर्षं मी चिठ्ठ्याच लिहिल्या:
‘कृपया डॉक्टरांना दाखवा.’
त्या दप्तराच्या तळाशी, सफरचंदाच्या चोथ्याशेजारी
काळ्या पडल्या.
किंवा पोचल्या, आणि एखादी आई म्हणाली,
डॉक्टर भेटतो मंगळवारी,
मंगळवारी मी हॉटेलात चादरी बदलते.

औषध मला दारातच कळायचं.
कळणं आणि लिहिता येणं यांच्यामध्ये
एक सही होती, दुसऱ्या कुणाची.

एक्कावन्नाव्या वर्षी परीक्षेला बसले.
बँगरच्या वर्गात माझ्या लेकीच्या वयाच्या पोरी,
यकृत, मूत्रपिंड, किलोमागे मिलिग्रॅम.
परतताना गाडीत मोठ्यानं घोकायचे,
दोन्ही बाजूंना पाटीच्या दगडाचे ढिगारे,
ओले, करडे,
एकानेही चूक काढली नाही.

पॅड आलं त्या सोमवारी
पहिला आला येस्टिन, दुसरीतला.
बाईंचा शेरा: ‘वर्गात सारखी चुळबूळ.’
मी त्याचा हात दिव्याखाली धरला.
बोटांच्या बेचक्यांत खरूज,
मनगटापर्यंत तिच्या बारीक वाटा.

नियम साधा आहे. घरातल्या सगळ्यांनी
एकाच रात्री, मानेपासून टाचेपर्यंत.
एक जण राहिला, की पुन्हा पहिल्यापासून.
‘घरी कोण कोण?’ मी वेल्शमध्ये विचारलं.

तो त्याच बोटांवर मोजू लागला.
आई, आजी, एल्लिव, बाळ, मी.
मग दुसऱ्या हाताचा अंगठा
जरासा वर आला, मुठीत गेला.
‘बाबा. रात्रीच येतात.
ऑफिसातल्या बाईंना पाचच सांगायचं.’
‘भीती वाटते त्यांची?’
‘नाही. घोरतात.’

खरूज कुणाचा फॉर्म वाचत नाही.
मी सहा जणांचं मलम लिहिलं
आणि खाली माझं नाव, पूर्ण,
‘नेरिस’मधला स जरा कापरा.

चार वाजता औषधवाल्या प्रोबर्टचा फोन.
‘त्या घरात पाच ना?’
‘सहा.’
तो गप्प. त्याच्या मागे काउंटरची घंटी वाजली.
या गावात कुणाचं छप्पर कुठे गळतं
तेही त्याला पाठ.
‘सहावा अंगानं मोठा आहे,’ तो म्हणाला,
‘एक ट्यूब जास्त टाकतो.’

त्या रात्री, पडदे ओढून,
सहा जण रांगेनं उभे असतील.
प्रत्येकाच्या पाठीवर
मागच्याचा हात.
सर्वांत मागे येस्टिन, स्टुलावर चढून,
बाबांची पाठ संपता संपत नाही.