उतारू

मिरजेच्या दवाखान्यानं सकाळीच सोडलं,
बाबांच्या डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
थेंबांची बाटली माझ्या पर्समध्ये, दर चार तासांनी.
कोथळीची नाव हरिपुरातनं सुटते,
आणि सिद्राम अंबी दुपारचा जेवायला गेला
की पाचशिवाय घाटावर फिरकत नाही.
म्हटलं, चला, तोवर सांगली दाखवते.

धाकू पालशेतकर, दाभोळच्या खाडीवरचा तांडेल.
पस्तीस वर्षं ह्या काठची माणसं त्या काठाला लावली,
लेकीच्या गावाला अकरा वर्षांत पहिल्यांदा येतायत.
रिक्षात बसताबसताच विचारलं,
"बंदर कुठं हाय गो तुमचं?"
रिक्षावाला हसला.
मी नाही हसले,
हळदीच्या पेठेकडं घे म्हणाले.

इरोडला निघालेले ट्रक, ताडपत्र्या, दोर,
हमालांच्या पाठी पिवळ्या, पापण्यासुद्धा पिवळ्या.
बाबा एका ट्रकापाशी थांबले, गाठ ओढून पाहिली.
"बरी मारलीय. पण भिजली की सुटायची नाय."
"पावनं कुठलं?" हमालानं विचारलं.
"समुद्राचं," बाबा म्हणाले,
जसं कुणी सांगावं, तासगावचं.

गणपतीपुढं ताठच उभे राहिले,
डॉक्टरांनी वाकू नको सांगितलंय, देवालाही तसं कळवलं.
बाहेर पाव किलो भडंग घेतलं.
तिखट लागून उजव्या डोळ्याला धार लागली,
डावा पट्टीआड काय करत होता, कोण जाणे.

आयर्विन पुलावरनं मात्र हलेनात.
खाली फुटांचे आकडे रंगवलेले,
चाळीस, पंचेचाळीस, पुढं आणखी.
"भरती एवढी चढते?"
चढते, बाबा. त्या साली तर ह्याच्याही वर.
"नि उतरते कवा?"
आठ दिवसांनी. कधी दहा.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "आमची सा तासात जाते."

फोन लागत नव्हता ते चार दिवस
मी शिरोळच्या शाळेत होते,
दोन पोरं आणि शिलाई मशीनचं नुसतं डोकं घेऊन.
हे मी तेव्हाही सांगितलं नव्हतं.
बाबा आकड्यांकडं बघत होते,
ओठ हलत होते.

हरिपूरच्या वाटेवर चिंचांची सावली,
घाटाच्या पायऱ्यांवर त्यांनी माझा खांदा धरला.
वारणा येऊन मिळते तिथलं पाणी
मीच ओंजळीत आणून दिलं.
जिभेला लावलं. "अळणी."
पण थुंकले नाहीत.

सिद्राम आला पाच वीसला, दात कोरत.
नावेत दुधाच्या किटल्या, एक मोटरसायकल, चार बायका.
बाबांचे पाय सवयीनं थेट मागं निघाले, वल्ह्याकडं.
"आजोबा, तिकडं नको. मधी बसा."
बसले.
मांडीवर दोन्ही हात ठेवून, पाहुणे बसतात तसे.
दहाची नोट चुरगाळत राहिले,
द्यायची कधी असते ते ठाऊक नसल्यागत.

निम्म्या नदीत माझ्या कानाशी म्हणाले,
"बसलेल्याला पानी केवढं दिसतं गो.
पस्तीस वर्षांत मला कुनी बोललं नाय."

साडेपाच. थेंबांची वेळ.
मी पट्टी उचलली, त्यांनी मान मागं टाकली,
हात हलत होता, नाव हलत होती.
सिद्रामनं वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं,
दोन थेंब पडेपर्यंत.