मुंज व इतर

शुक्रवारी बाजारातून बाराशेला आणला हा रेकॉर्डर,
रिमोटच्या पाठीला रबर बँड.
विकणारा म्हणाला, चालू छे बेन, एकदम चालू.
आता दांडिया बाजारातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर
टीव्ही, व्हीसीआर आणि हा
बिनओळखीच्या पाहुण्यांसारखे
एका सतरंजीवर बसलेत,
आणि मी मधे, ओळखी करून द्यायला.

पहिल्यांदा मी ह्याच्या आऊटमधून त्याच्या आऊटमध्ये वायर घातली.
निळा पडदा.
दोघंही बोलणारे, ऐकणारा कुणी नाही;
असली जोडणी ह्या घराला नवी नव्हे.
खालचा धवल आला, चपला न काढताच वाकला :
मासी, आनुं आउट, एनुं इन.
पीळो पीळामां, लाल लालमां.
पांढरी सैल होती, तिच्यात काडेपेटीची काडी खोचून
तो क्लासला पळाला.

हेड पुसलं दहाच्या कोऱ्या नोटेनं.
ही ह्यांची पद्धत. नोट काळी व्हायची,
मग तीच दूधवाल्याला.

माहितीपुस्तकात एक वाक्य मी दोनदा वाचलं :
एका तासाच्या चित्रणाला एक तासच लागेल.
एकतीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात
गुणपत्रिकांच्या दुसऱ्या प्रती दिल्या मी,
दहा मिनिटांत एक, मूळ न वाचता.
इथं तसं चालत नाही.
इथं प्रत काढायची
तर मांडी घालून सगळं पुन्हा होऊ द्यायचं.

हेरंबनं फोनवर सांगितलेलं,
कौस्तुभच्या मुंजीची तेवढी पाठव, बाकी राहू दे.
तर मुंज. शहाण्णव साल, सभागृहाचा पंखा,
कौस्तुभचे कान वाऱ्यावर,
भिक्षावळीत कुणीतरी घातलेलं चॉकलेट,
गुरुजींचं घड्याळ पुनःपुन्हा.
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला काळंपांढरं वादळ.

मी उठायला गुडघ्यावर हात ठेवला
आणि वादळ विरलं.

पंगत. हिरवा शालू. यामिनी.

म्हणजे ह्यांनी हेरंबच्या लग्नाच्या कॅसेटवरच मुंज घेतली होती.
नवी कशाला, ती आता कोण बघणार, म्हणाले असतील.
खरंच होतं. चार वर्षांत ती देवासला परत गेली,
दोन बॅगा, रिक्षा, भर दुपार.
त्यानंतर आमच्यात तिचं नाव कुणी घेत नाही,
नुसतं 'तेव्हा' म्हणतात.
तेव्हा फ्रिज घेतला. तेव्हा बाबांचं ऑपरेशन.
मला लुना चालवायला शिकवली ती तेव्हाच,
काठीनं मागून हाकत, सुरसागरला तीन फेऱ्या,
आणि शेवटी दोघींत एक शेव-उसळ, पाव जास्तीचे.

रिमोटवर स्टॉपचं बटण झिजलेलं आहे.
अंगठा त्याच्यावर होता.

जिलबी दातात धरून ती हसते,
बंद करा ना, म्हणते ह्यांना,
मग कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाला तरी,
वन्सं, तुम्ही कधी बसणार?
चौकटीत एक किडकिडीत बाई येते, वरणाची बादली घेऊन,
चष्मा नाही, घाई फार.
येते गं, म्हणते, आणि निघून जाते.
वायर हलली असावी,
पुढचं सगळं एकाच कानानं ऐकलं.

अकरा मिनिटं. मधल्याच एका शब्दावर कॅसेट संपली,
ख आवाजासह थांबली.

यंत्रानं विचारलं,
ह्यापुढे ह्या तबकडीत काही भरता येणार नाही. हो / नाही.
हो.

तबकडी गरम निघाली.
मार्करनं लिहिलं 'मुंज'. मग थांबले.
ज्या कागदाला कुठल्याच फाइलीत जागा नसे
त्याच्यासाठी आमच्या विभागात एक शब्द होता,
तो पुढे जोडला, अक्षर जरा बारीक आलं.
जिन्यातून धवल ओरडला, चाल्युं, मासी?
चाल्युं, म्हटलं.
पांढऱ्या वायरीतली काडी तशीच आहे,
अजून दहा कॅसेटी बाकी.