बावन्न

चेहरे मी विसरते. पाठी नाही.
पोप्रादच्या स्टेशनामागे,
तात्रा डोंगरांकडे तोंड केलेल्या या दुकानात
सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय :
मान खाली घाला.
मान खाली गेली की तिच्या तळाशी
एक हाड वर येतं,
ओढ्यातून डोकावणाऱ्या दगडासारखं.
तिथे टेपचं एक टोक.
दुसरं खाली, कमरेच्या हाडांवर अंगठे टेकवून
मधोमध जिथे रेघ जुळते, तिथे.
सॅकच्या लेखी
तेवढ्या अंतरात मावता तुम्ही.
उंची सांगू नका. उंच माणसं बहुतेक
पायांतच उंच असतात.

आज लिविया आली. वय बावीस.
सोमवारपासून खिंडीखालच्या चाटेवर माल नेणार,
डोंगरातल्या त्या शेवटच्या घरात :
गॅसची टाकी, बटाटे, बियरचं पिंप,
उतरताना मळक्या चादरी.
हातात वडिलांची सॅक. हिरवी, मेणाच्या वासाची,
एका बंदावर गाठ दातांनी सोडवल्याच्या खुणा.
"हीच बसवून द्या," म्हणाली.

बसवून द्या.
जणू सॅक म्हणजे पाहुणा,
खुर्ची पुढे केली की बसेल.

वाळूच्या पिशव्या भरल्या. पाच, दहा, पंचवीस किलो.
जड त्या कण्याला चिकटून, हलक्या बाहेरच्या अंगाला.
उलट भरलं तर ओझं मागे खेचतं,
बाजारात हट्टाला पेटलेल्या पोरासारखं.
मग म्हटलं, गोदामाचा जिना चढ.
अठरा पायऱ्या.
सातव्या पायरीवर तिने दोन्ही अंगठे
बंदांखाली खुपसले.
मला तेवढं पुरे. अंगठ्यांना थाप मारता येत नाही.
पट्टा पोटाखाली घसरलेला,
सगळा भार खांद्यांना लोंबकळत होता.

खांदा भोळा. कशालाही हो म्हणतो,
आणि तासाभरात रडकुंडीला येतो.
पेलते ती कंबर.
कंबर कसायची ती उगाच नाही.

"तुझे वडील त्रेपन्न. तू त्रेचाळीस."
"पट्टा आवळा ना अजून."
"आवळून दहा सेंटिमीटर जात नाहीत, बाई."
त्रेपन्न मीच लिहिलं होतं, पहिल्या वहीत,
शेजारी त्यांनी पेन चालतंय का बघायला
काढलेली गिरगीट.
ती दाखवावी की नाही, ठरेना.
नाही दाखवली.

मग दुसरी दिली. राखाडी, कुरूप,
पाठीचा सांगाडा खालीवर सरकणारी.
तिने बकलं लावली, कुणाशी तरी भांडल्यासारखी,
आणि चढली. हात मोकळे.
वर पोचून बराच वेळ गप्प.
"इथून डोंगर दिसतो?"
"खिडकी पुसलीस तर."

पैसे मोजून गेली. जुनी सॅक इथेच विसरली,
किंवा विसरली असं मला वाटावं
अशी ठेवून गेली.

रात्री घरी, गेझा शेगडीपाशी.
त्यानेही तीस वर्षं तीच वाट चढली,
कधी कधी स्वतःहून जड ओझी घेऊन.
दुकान उघडलं त्या वर्षी गिऱ्हाईक म्हणून आला, तेव्हा बावन्न.
ओळख झाली ती तशी.
दर हिवाळ्यात एकदा शर्ट वर करतो, म्हणतो, मोज.
मान खाली घाल, हे आता सांगावं लागत नाही;
ते हाड आपणहून वर आलंय.
टेप लावते. अंगठा कमरेच्या हाडावर.
साडेएकोणपन्नास.
पुन्हा लावते.
साडेएकोणपन्नास.

मापात पाप केलं नाही मी कधी.
रागावून निघून गेलेल्या गिऱ्हाइकांची
वेगळी वही होईल.

"किती?" भिंतीकडे बघत तो विचारतो.
"बावन्न."
"हं," म्हणतो, आणि शर्ट खोचतो.
मी टेप गुंडाळते,
त्याच्या पाठीने कोमट झालेली.