तिरपी रेघ

गायत्रीनगर, आयटी पार्कासमोर, दुसरा मजला.
मे महिना. कूलरची टाकी कोरडी पडून
नुसती मोटर घरघरतेय, अशा दुपारी काम आलं :
कामठी रोडवरच्या बस अपघाताच्या
एकशे बारा जबान्या, सगळ्या एकाच लांब ओळीत.
"कोण काय बोललं तेवढं वेगळं काढ," देवगडे सर म्हणाले.
"अवतरणाच्या आतलं. बस."

पहिला नमुना अधाशी निघाला.
पहिल्या साक्षीदाराचं पहिलं अवतरण धरून जो सुटला
तो शेवटच्याच्या शेवटच्यावर थांबला.
कंडक्टर, हवालदार, कळमन्याचा हमाल
सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य.

मी एक प्रश्नचिन्ह टाकलं. तो शहाणा झाला,
जरा जास्तच : अवतरण दिसलं की थांब.
आणि सुगंधा नेवारे, वय चौतीस, राहणार कमाल चौक,
तीन दिवस माझ्या टेबलात एवढंच म्हणत राहिली :

तो मले म्हणे, \

पुढे काही नाही. एक तिरपी रेघ,
दाराशी टेकवून ठेवलेल्या काठीसारखी.
कचरा समजून पुसणारच होतो.
प्रणोती मागून म्हणाली, "अबे, राहू दे ते.
याच्यानंतरचं चिन्ह शेवट नाही,
असं सांगून राहिली ते रेघ."

मग रात्री लिहिलं :
अवतरण नाही, रेघही नाही, असं काहीही घे.
नाहीतर रेघ घे, आणि तिच्यामागून येणारं
कोणतंही एक अक्षर, न विचारता.
कितीही वेळा. मग मिट.

"(?:[^"\\]|\\.)*"

शाईत बुडालेली माशी कागदावरून चालत गेल्यासारखं.
चालवलं.

"तो मले म्हणे, \"चा मांड, आलोच मी.\" मी मांडला. उतू गेला, तरी मांडूनच होता."

अठ्ठ्याण्णव सालापासून हे तिथंच होतं.

(दोन रेघा लागोपाठ आल्या तर पहिली
दुसरीवरच खर्ची पडते,
आणि पुढचं अवतरण खरंच शेवट असतं.
तसंही तीन ठिकाणी निघालं.)

एकशे अकरा जुळल्या.
एक नाही : किसना उईके, बसचा क्लीनर, वय सतरा.
त्याचं उघडलंय, मिटलेलंच नाही.
पुढचं पान फाइलीत नव्हतं.

"लावून दे न बे एक शेवटी, अन् मोकळा हो."
कर्सर नेला तिथवर.

"मले पयले वाटलं का टायर फुटला, मंग

मंगच्या पुढं लावू,
की मंग गाळून?
सातला लाइन गेली. बरं झालं.