झोळ

व्हिएन्ना ते कोपनहेगन:
आठशे सत्तर किलोमीटर, विमानाला पावणेदोन तास.
आधी मी हेमांगीच्या शाळेतल्या नकाशावर
दोरा ठेवून मोजलं, मग फोनमध्ये पडताळलं.
दोरा अकरा किलोमीटरने चुकला.
बत्तीस वर्षं सिडकोत सर्व्हेअर होतो,
अकरा किलोमीटर म्हणजे लाजच.

हेमांगी व्हिएन्नाला. कौस्तुभ कोपनहेगनला.
नेरूळच्या या गॅलरीतून पाहिलं
तर शेजारी शेजारी,
सेक्टर सहा आणि सेक्टर आठ.

दोघांच्या घड्याळात तेवढेच वाजलेले असतात.
उन्हाळ्यात साडेतीन तास वजा करायचे, थंडीत साडेचार,
तिच्यासाठी वेगळा हिशेब नाही, त्याच्यासाठी नाही.
ती भांडी विसळते तेव्हा तोही विसळत असणार.
रविवारी आधी तिचा फोन येतो, मग त्याचा.
मी एकाचं हवामान दुसऱ्याला सांगतो:
तिकडे बर्फ पडलाय म्हणे.
"हो का," म्हणतो तो,
आणि माझं ब्लडप्रेशर विचारतो.

चार वर्षं झाली.
कारण हे घर. पाचशे चाळीस चौरस फूट, कार्पेट.
विकायचं की नाही,
आणि मग बाबांना कुठे ठेवायचं,
जसं काही मी घंगाळ आहे, पितळेचं,
वापरात नाही पण टाकवतही नाही.

गोमा भोईर धरायचा साखळीचं दुसरं टोक.
खाजणात, मांडीइतक्या चिखलात तो उभा,
आणि मी बांधावरून ओरडायचो: ताण, गोमा, ताण!
साखळी मधे लोंबली की अंतर जास्त भरतं,
जमिनीवर नसलेलं अंतर.
त्याला झोळ म्हणतात.
एकट्याने कितीही खेचा,
साखळी नुसती आपल्याकडे येते,
मोजणी होत नाही.

गोमाचं गाव आता विमानतळात गेलं.
घर तीन किलोमीटर सरकलं.
परवा मासळीबाजारात भेटला, पिशवीत निवट्या,
त्यातली एक अजून उड्या मारत होती.
म्हणाला, "साहेब, घरच उचलला,
आता मोजाचा कुठशी?"
मी निवट्यांचा भाव विचारला.
त्या गावच्या नकाशावर सही माझी आहे.

काल स्टेशनजवळच्या तिकीटवाल्याकडे गेलो.
व्हिएन्ना ते कोपनहेगन, म्हटलं, एक. खिडकीजवळची.
पोरगा स्क्रीनवरून मान वर करून म्हणाला,
"काका, आणि इथून व्हिएन्नापर्यंत?"
ते नंतर बघू.
आधी मधलं काढ.

आता रविवारी दोघांना सांगायचंय.
तिला: मला सोडायला ये, आतपर्यंत, काचेपर्यंत.
त्याला: घ्यायला ये, उशीर करू नकोस,
बाहेर पाटी धरून उभा राहा हवं तर.
पावणेदोन तास
दोघांनी आपापल्या जागी
उभं राहायचं, बस.
मी मधे असेन, पट्टा बांधून,
या वेळी ओरडणार नाही.

गोमालाही विचारलं, येतोस का रे?
खूप हसला.
मग हात पुसून म्हणाला,
"टोक कुनचा धराचा, त्ये सांगा."