पान दोनशे एकेचाळीस

जिंतूरच्या बस स्टँडमागं प्रगती अभ्यासिका,
महिना चारशे, खुर्ची नंबर सतरा.
डावीकडं पोलीस भरती, उजवीकडं तलाठी भरती,
मधे मी,
साठ वर्षांपूर्वीच्या विहिरी मोजत.

सर म्हणाले होते, सगळं फुकट असतं गं,
सरकारनं छापलेलं, सरकारनंच वर टाकलेलं,
फक्त शोधता आलं पाहिजे.
त्या 'फक्त'मधे माझे दोन महिने गेले.

आधी गाव शोधलं आपल्या लिपीत. काही नाही.
मग इंग्रजीत सावरगव्हाण, व्ही घालून, डब्ल्यू घालून,
एच गाळून.
कुण्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं असेल
म्हणून मीही थोडी बहिरी झाले,
'सारगाण' टाकलं,
आणि एका जाड पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत
गाव माझ्याकडं बघत होतं.

जिल्ह्याचं जनगणना पुस्तक. एकशे चौऱ्याऐंशी एमबी.
अभ्यासिकेचं नेट म्हणजे उन्हाळ्यातला नळ,
रात्री साडेअकराला धार लागली,
दोन वाजता हंडा भरला.

पानं तिरकी, पिवळी. कुठं वाळवीची नक्षी,
कुठं ग्रंथालयाचा गोल शिक्का,
कुठं कुणीतरी पेन्सिलीनं केलेली बेरीज,
हातच्याला विसरलेली.
क्षेत्र, घरं, माणसं, शाळा, पिण्याचं पाणी.
दोनशे चाळीस.
दोनशे एकेचाळीस.
आणि माझ्या गावावर अंगठा.

खराखुरा अंगठा. स्कॅन करताना पान दाबून धरलेला,
नखाच्या कडेला शाई, पेरावर जुनी चीर.
वरचं गाव दिसतंय, खालचं गाव दिसतंय,
मधल्याची माणसं, शाळा, पाणी
सगळं त्या कातडीखाली.

दुसरी प्रत शोधली.
दुसऱ्या संकेतस्थळावर, दुसऱ्या नावाखाली
तोच अंगठा.
कार्यालयाला मेल केला. अकराव्या दिवशी उत्तर आलं:
सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

राग त्याचा नाही आला.
पानामागं किती पैसे मिळत असतील त्याला,
त्या दिवशी कितवं पान असेल ते,
त्याचं गाव कुठल्या पुस्तकात, कुणाच्या बोटाखाली.

रविवारी सव्वानऊची एसटी धरली.
लसमाबाई देवकर, वडारवस्ती, वय तिलाही माहीत नाही.
कशाला मोजायलीस माय, म्हणाली, आता बोअर हायत.
मग डोळे मिटले,
आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालू लागला.

मठाची. तिथं आमच्या मालकानं सुरुंग लावला.
पाटलाची, तिला सत्तर पायऱ्या.
शाळंमागची, तिचे धोंडे म्या वाहिले,
तवा थोरला पोटात व्हता.
वेशीबाहेरची येगळी, ती बारकी,
ती कागदावर धरत व्हते का न्हाई, मला काय ठाव.

बारा पेरं संपली. हात बदलला.
तेरा, चौदा. मधेच एका म्हशीची गोष्ट, मग पंधरा.
एकोणीस.
पुढच्या पेरावर अंगठा ठेवला
आणि थांबली.
मी पेन धरून बसलेली. वस्तीतलं एक पोर
माझ्या मोबाईलमधे वाकून बघायलेलं.
अंगठा उचलेना.
मग डोळे उघडून म्हणाली,
ही लिहू नगं.

मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत तक्ता भरला.
पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात एकोणीस.
'स्रोत' असं छापलेला पुढचा रकाना
चारठाणा फाटा येईपर्यंत
तसाच राहिला.