शिसपेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

धुळ्याच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
डांबरगोळ्यांच्या वासाचं एक लोखंडी कपाट.
त्यात शीट नंबर अकराशे सत्तेचाळीस:
बदामी आकाराची चार पानं, वेलीचा वीतभर तुकडा,
खाली दोऱ्यानं टाचलेला
खारकेएवढा सुकलेला कंद.
स्थळ: तोरणमाळ, सीताखाईकडचा उतार.
संकलक: शि. गो. बोरसे.
फूल: दिसले नाही.
कूळ: आणि पुढं शिसपेन्सिलीनं
नुसतं ?

फूल नाही म्हणजे आडनाव नाही.
पान म्हणे गुळवेल, पण गुळवेलीला असा कंद नसतो.
कंद म्हणे कोनफळ, पण कोनफळाला हे पान कुठलं?
पाहुणे तज्ज्ञ यायचे, भिंग लावायचे,
"नवीन जात असावी" म्हणायचे,
आणि चहा संपला की गाडीची वेळ बघायचे.
सरांनी अकरा पावसाळे तो उतार तुडवला.
वेल पुन्हा दिसली नाही.

मी चिमट्यानं पानाचा कोपरा घेतला, तिळाएवढा.
मग, का कोण जाणे, कंदाचाही कपचा.
दोन नळ्या. कुरिअरची पावती.

सात आठवड्यांनी आलं:
ए टी जी सी, ए ए टी सी,
पाढा चुकलेल्या पोरानं घोकत राहावं तसं, पानंच्या पानं.
दोन्ही ओळी एकाखाली एक लावल्या.
जुळेनात.
नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा पाठवलं.
पुन्हा तेच.

पान साध्या गुळवेलीचं. बांधावरच्या.
कंद दुसऱ्याच कुणाचा.
एकमेकींना पीळ घालून चढलेल्या दोन वेली
एका हिसक्यात हाती आल्या
आणि एकाच वर्तमानपत्रात दाबल्या गेल्या
(अमळनेरच्या टॉकीजची जाहिरात
कागदावर अजून उलटी उमटलेली आहे).

सर देवपुरात मुलीकडे असतात. मोतीबिंदू नुकताच काढलाय.
फोनवर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग हसले:
"म्हंजे, मी दोन्हीस्नं लगीन लाई दिन्हं व्हतं का?"
मलाही हसू आवरेना.
मग एकदम वर्गातला आवाज:
"आणि कंद? कंद कोणाचा?"

कोनफळाच्या जवळचा, सर,
पण बाजूला. एक लांब फांदी, एकटीच.
तिच्याशी जुळणारी ओळ
अजून कुणी वाचलेलीच नाही.

"मंग पुसू नको."

पानांपुरतं नाव लिहिलं. शाईनं.
पेन्सिलीला टोक केलं,
आणि सरांचं पुसट झालेलं चिन्ह
त्याच वळणावरून
पुन्हा गिरवलं.